रुईच्या पानाचा रंग

मागच्या अंकात सेज ग्रीनबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या काय, या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं त्याच रंगाची. म्हणून स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि गळके नळ पुढच्या वेळी.

सेज हे आपल्या तुळशी-सब्जाच्या कुळातलं परदेशी झुडूप. पानावर बारीक लव असते, त्यामुळे त्याचा हिरवा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो. ते झुडूप तुम्ही पाहिलं नसेल, पण बांधावरची रुई पाहिली असेलच. तिच्या पानावरही तशीच पांढरट भुकटी असते. अंबाजोगाईला आमच्या अण्णांचं रंगाचं दुकान होतं. पोळ्याच्या आधी आठ दिवस बैलांच्या शिंगांसाठी ऑइल पेंटच्या लहान डब्या जात, दिवाळीच्या आधी घरासाठी चुना आणि डिस्टेंपर. तेव्हा शेड नंबर कोणी सांगत नसे. पिस्ता, मेंदी, शेवाळी, पोपटी अशी नावं. एकदा डोंगरपट्ट्यातून आलेले एक आजोबा म्हणाले, "पोपटी नगं, रुईच्या पानावानी द्या." अण्णांनी पांढऱ्यात हिरवा घातला, चमचाभर पिवळा, आणि मग लालचा अगदी थेंब. मी लहान होते, हिरव्यात लाल कशाला ते कळेना. लालने हिरव्याची उसळी बसते, हे पुढे कळलं. काळा टाकून रंग मळतो, लाल टाकून तो शांत होतो. आज दुकानातलं मशीन हे सगळं मोजून करतं. भिंतीवरचा उजेड मात्र मशीनला मोजता येत नाही, आणि बहुतेक पत्रांतलं दुखणं तिथंच आहे.

प्रश्न : लातूरला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. मोबाइलवर बघून सेज ग्रीन ठरवला, दुकानातल्या कार्डावरही तीच शेड मिळाली. पेंटरने एक भिंत पूर्ण करून दाखवली. बाकीच्या तीन अजून जुन्या पीच रंगात आहेत. सकाळी छान वाटतो, दुपारी पांढराफटक होतो, आणि रात्री ट्यूब लावली की हे म्हणतात, "सिव्हिल हॉस्पिटलात बसल्यावानी व्हायलंय." रंग बदलू का?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : ताई, रंग बदलू नका, सेजच ठेवा; फक्त शेड किंचित गडद घ्या, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या यजमानांचं ऐकू, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत. दवाखान्यात हा रंग उगाच आला नाही. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने आपलं ऑपरेशन थिएटर पालकासारख्या हिरव्या रंगात रंगवून घेतलं. पांढऱ्या भिंतींची तिरीप डोळ्यांत जायची, आणि रक्ताच्या लालावरून नजर उचलून पांढऱ्यावर टाकली की डोळे दिपायचे. रंगचक्रात लालाच्या समोरचा रंग हिरवा, म्हणून त्याने तो निवडला. पुढे जगभरच्या दवाखान्यांनी तो उचलला, आणि आपल्याकडे तर शाळा, कचेऱ्या, एसटी स्टँड सगळीकडे भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला हिरव्या ऑइल पेंटचा पट्टा आला. तुमच्या यजमानांना आठवतोय तो हा पट्टा. तो चकचकीत होता आणि वर पांढरी ट्यूब होती. या दोन गोष्टी काढल्या की दवाखाना जातो.

तुमच्याकडच्या ट्यूबच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असणार. के म्हणजे केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. निळसर उजेडात सेजमधला राखाडी वर येतो आणि हिरवा आजारी दिसतो. उलट ३००० केचा पिवळा दिवा लावला तर तोच रंग मेंदीकडे झुकतो, काहींना तो वरणासारखा वाटतो. हॉलच्या मुख्य दिव्याला ४००० के घ्या आणि कोपऱ्यातल्या दिव्याला ३०००. खोक्यावर सीआरआय असाही एक आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. तो ८० असला तर चालतं, ९० मिळाला तर रंग खरे दिसतात. आज संध्याकाळी फक्त एक ट्यूब बदलून बघा. रंगाच्या डब्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल.

आता दुपार. लातूरचं एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेच्या खिडकीतून ते थेट आत येतं आणि फिका रंग धुऊन टाकतं. मोबाइलवरचे बहुतेक फोटो थंड देशांतल्या घरांचे असतात, तिथं उजेड मऊ असतो आणि तिथला फिका सेज दिवसभर सेजच राहतो. म्हणून तुमच्या हॉलला त्याच पट्टीवरची एक घर खालची, म्हणजे किंचित गडद शेड घ्या. एकच घर. कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा चार भिंतींवर गेला की एकमेकींचा रंग उचलून तसाही दाट होतो, त्यामुळे दोन घरं उतरलात तर रात्री हॉल अंधारी होईल. बेडरूम उत्तरेकडे असेल तर तिथं मूळचीच शेड ठेवा. खिडकीला जाडसर हातमागाच्या कापडाचा मोतिया पडदा लावा आणि दुपारी ओढून घ्या. समोरच्या इमारतीचा रंगही बघा. ती भगवी किंवा पिवळी असेल तर तिच्यावरून आलेलं ऊन तुमच्या भिंतीवर पिवळं पाणी फिरवतं.

आणि ती पीचची गडबड. पीचच्या शेजारी ठेवलेला कुठलाही हिरवा आहे त्यापेक्षा थंड आणि हिरवागार दिसतो. तुम्ही दोघं एका भिंतीवरून जो निकाल लावताय तो त्या तीन भिंतींचा आहे. दोन बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, त्यावर प्रायमर आणि नव्या शेडचे दोन हात द्या, कडेने दोन इंच पांढरं सोडा. ते एकेका भिंतीला टेकवून सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री आठला बघा. रंग पूर्ण वाळल्यावरच. प्लास्टिक पेंट ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की जरा गडद होतो.

प्रश्न : परभणीजवळ आमचं आठ वर्षांचं स्लॅबचं घर आहे, काळ्या रानात बांधलेलं. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, उन्हाळ्यात परत उघडल्या. यंदा मुलीचं लग्न आहे. सेज ग्रीनमध्ये भेगा लपतात असं पेंटर म्हणायलाय.
— एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : काका, पेंटर अर्धं खरं बोलतोय. मॅट सेजमध्ये बारीक भेगा खरंच कमी दिसतात. चकाकी नसल्याने सावली उठत नाही. पण तुमची भेग रंगाची नाही, मातीची आहे. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. घराचा पाया तिच्यासोबत वरखाली होतो, आणि भिंत जिथं सगळ्यात कमजोर, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात, तिथून फाटते. पुट्टी कडक असते. ती ताणली जात नाही, तुटते.

म्हणून आधी पेन्सिल घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, रुंदी मोजून लिहा. पुढच्या काही महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली, किंवा तिच्यात नाणं उभं राहायला लागलं, तर पेंटरला नाही, इंजिनिअरला बोलवा. लग्नाची तारीख जवळ असली तरी.

भेग फक्त ऋतूप्रमाणे उघडझाप करत असेल तर पाणी बघा. छताचं पावसाचं पाणी जोत्याशी पडतं का, न्हाणीचं सांडपाणी भिंतीलगत मुरतं का, कडुलिंब किंवा पिंपळ भिंतीला खेटून आहे का. जोत्याभोवती तीन-चार फूट फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, एवढ्याने कित्येक घरांचं दुखणं निम्मं कमी होतं. त्यानंतर भेग व्हीच्या आकारात खरवडून मोकळी करायची, धूळ ब्रशने काढायची, ताणणारा अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर भरायचा, वरून जाळीची पट्टी, मग पुट्टी, प्रायमर, रंग. हे काम भेग उघडी असताना, म्हणजे उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात मिटलेल्या भेगेत भरलेलं फिलर उन्हाळ्यात ताण खातं. फक्त मे महिन्यात रंगाचा हात सकाळी दहाच्या आत उरकायला सांगा. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रश फिरायच्या आत वाळतो आणि पट्टे उठतात.

एक विचारायचं राहिलं. प्लॅस्टरवर बोअरचं पाणी मारलं होतं का? खारं पाणी असेल तर भिंतीला लोणा धरतो, पांढरी भुकटी रंगाच्या आतून बाहेर येते, आणि फिक्या हिरव्यावर ती फार उठून दिसते. रंग पातळ करायलासुद्धा गोडं पाणी वापरा.

प्रश्न : पैठणला आजोबांचा जुना वाडा आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, आत देवळ्या आणि कोनाडे. वर्षातून दोनदा आम्ही जातो. त्याला प्लास्टिक पेंटने सेज ग्रीन द्यायचा विचार आहे.
— पुण्यात नोकरी करणारा एक पैठणकर

उत्तर : देऊ नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवला की आतली ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत भाकरीएवढे पोपडे सुटतात. मी अशी एक ढेलज बघितलीय. मालकाने तीन वेळा रंग दिला आणि तीन वेळा झाडून भरला.

चुना द्या, आणि चुन्यातच हिरवा करा. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान आठवडाभर मुरू द्या. विझवताना तो उकळतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नका आणि पोरांना लांब ठेवा. मग फडक्यातून गाळा, दुधाइतका पातळ करा, थोडं डिंकाचं पाणी घाला. रंगासाठी बाटलीतलं साधं स्टेनर नको, चुन्याचा क्षार काही रंग खाऊन टाकतो. हिरवा क्रोम ऑक्साइड आणि पिवळी माती चुन्यात टिकतात. दोन्ही मिळून चुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर हाताला रंग लागतो. भिंत पाणी मारून ओली करायची आणि पातळ पातळ तीन हात. इथं प्लास्टिक पेंटच्या उलटं होतं. ओला असताना चुना मळकट आणि गडद दिसतो, वाळला की कितीतरी उजळतो. आधी एका कौलावर लावून, उन्हात वाळवून बघा. पहिल्यांदा करणारा नेहमी घाबरून चुना वाढवतो आणि शेवटी पांढरी भिंत घेऊन बसतो.

आणि तुम्ही पैठणचे, म्हणून सांगते. हा रंग परदेशातून आलाय असं वाटून घेऊ नका. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा म्हणजे हिरवी माती. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ती सापडते. लेण्यांबाहेर स्फटिकाचे दगड विकायला असतात ना, तशाच पोकळ्यांत. निळ्यासाठी लाजवर्दी दगड बाहेरून आणावा लागला, हिरवा मात्र घरचाच. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या मागच्या झाडीकडे निवांत बघा. पोपटी नाही, पिस्ता नाही, धूळ बसल्यासारखा शांत हिरवा. तोही मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर काढलेला. तुमच्या आजोबांच्या भिंतीचं तेच कूळ आहे.

देवळ्यांच्या आत हिरवा घालू नका, पांढरा चुनाच ठेवा. पणती लावली की उजेड परत फिरतो.

प्रश्न : सेजसोबत सोफा, उशा, पडदे कुठल्या रंगाचे? आमच्याकडे शहाबादी फरशी आहे आणि सासूबाईंची ती काढायची तयारी नाही.
— एक गृहिणी, धाराशिव

उत्तर : सासूबाईंचं ऐका. शहाबादी राखाडी असते आणि सेजमध्येही राखाडी आहे, दोघींचं जमतं. पंचाईत होते ती पिवळट, चकचकीत, नक्षीच्या टाइल्सवर. कोटा फरशी मुळातच हिरवट असते, तिच्यावर सेज दिला तर खोलीभर एकच रंग होतो. तिथं बाकीच्या भिंती मोतिया ठेवून फक्त एक भिंत हिरवी करावी.

शहाबादी आणि सेज दोन्ही थंड, म्हणून ऊब दुसरीकडून आणा. सागवानी दार पॉलिशमध्येच ठेवा, रंगवू नका. पितळेची समई, तांब्याचा हंडा कपाटातून बाहेर काढा. उशांना विटकरी किंवा गेरूचा रंग. खोलीत लाल नक्की हवा, पण हळदीकुंकवाच्या करंड्याएवढाच. काळं घोंगडं खुर्चीवर टाकून बघा, मला तर भारी आवडतं. छताला निळसर पांढरा नको, मोतियाच.

प्रश्न : आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये भिंतींना वर्षानुवर्षांच्या ऑइल पेंटचे थर आहेत. सून गरोदर आहे. बाळाच्या खोलीला सेज ग्रीन देण्यासाठी ते सगळं घासून काढू का?
— एक आजी, नांदेड

उत्तर : कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे खालचे थर त्याआधीचे आहेत. त्यात शिसं असेल असं धरूनच वागा. त्याची भुकटी गरोदर बाईला आणि बाळाला वाईट. थर घट्ट बसलेले असतील तर पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवा, त्यावर चांगला प्रायमर आणि मग रंग. सुटलेले पोपडे ओले करूनच काढा. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. काम होऊन खोली चांगली मोकळी होईपर्यंत सुनेला दुसरीकडे राहू द्या. बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर तेव्हाच काम काढा, म्हणजे प्रश्नच मिटला.

प्रश्न : १० बाय १२ च्या खोलीला किती लिटर लागेल? पेंटर दहा म्हणतो.
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : उंची दहा फूट धरली तर चार भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की ३९० च्या आसपास. एका लिटरात दोन हातांचे १०० चौरस फूट धरा; डब्यावर याहून जास्त लिहिलेलं असतं, पण आपल्या भिंती कंपनीच्या भिंतीसारख्या सपाट नसतात. म्हणजे चार लिटर. दहा लिटर कशाला लागतील ते पेंटरलाच विचारा.

मात्र चारच्या चार एकदम घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी तीन लिटर आणले, संपला म्हणून पंधरा दिवसांनी चौथा आणला. नंबर तोच, दुकान तेच. ओट्याच्या वर एक उभी रेघ उमटली, ती अजून आहे. सेजसारख्या राखाडी रंगात एवढासा फरकही लपत नाही. तिथं मी मसाल्याचं कपाट लावलंय. अण्णा असते तर हसले असते.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही रुईचं पान म्हणालात. ते दुकानात घेऊन गेले तर हसतील का? आणि मशीन त्यावरून रंग काढून देईल का?
— एक वाचक, बीड

उत्तर : हसले तर हसू द्या. मशीनवर मात्र ठेवू नका. पानाला शिरा असतात, लव असते, थोडा उजेड आरपार जातो, त्यामुळे आकडा भलताच येतो. दुकानाच्या बाहेर, उघड्या सावलीत या आणि पान शेडकार्डाशेजारी धरून डोळ्यांनी जुळवा. कोवळं पान घेऊ नका, ते पोपटी असतं. मधल्या फांदीचं जून पान घ्या आणि त्याची पाठ बघा. भुकटी बोटाने पुसली जाते, म्हणून देठाला धरा. तोडताना चीक गळतो, तो हात डोळ्याला लावू नका, आधी धुऊन घ्या. आणि सुकलेलं पान चालत नाही, त्याच दिवशीचं हवं. शेतात जाणं होत नसेल तर शनिवारी सकाळी मारुतीच्या देवळाबाहेर जा, रुईच्या माळा घेऊन बाया बसलेल्या असतात. एक माळ मारुतीला, दोन पानं पिशवीत.